पहिलाच पीआर (माझे बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) बंद केला, कॉन्ट्रिब्युशनचे नियम एवढे कडक का असतात?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. थोडं मोठं लिहितोय, पण तीन दिवस डोक्यात हेच चाललंय म्हणून शेवटी इथे विचारतोय.

मी एक छोटं ओपन सोर्स टूल रोज वापरतो, पायथॉनमध्ये आहे, सीएसव्ही फाईली (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) साफ करायचं काम करतं. नाव घेत नाही कारण मला कुणाची बदनामी करायची नाहीये. त्यात एक बग होता. एक्सेलमधून सीएसव्ही यूटीएफ-८ (अक्षरं साठवायचं एक एन्कोडिंग) म्हणून सेव्ह केलेली फाईल दिली की पहिल्या कॉलमचं नाव त्याला सापडतच नाही, बाकीचे सगळे कॉलम व्यवस्थित, फक्त पहिला गायब. दोन रात्री घालवल्यावर कळलं की अशा फाईलीच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाचं एक न दिसणारं अक्षर असतं, ईएफ, बीबी, बीएफ असे तीन बाइट, आणि ते पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटून येतं. स्क्रीनवर नाव बरोबर दिसतं पण आत एक अक्षर जास्त, त्यामुळे तुलना केली की जुळत नाही. सापडलं तेव्हा काय आनंद झाला म्हणून सांगू, आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या कोडमधला बग मी स्वतः शोधला होता.

मग फोर्क केलं (म्हणजे त्या कोडची स्वतःची प्रत काढली), फिक्स केला, आणि कोड उघडलाच आहे तर म्हटलं थोडी साफसफाईही करू. दोन फंक्शनची नावं नीट नव्हती ती बदलली, एक लायब्ररी जुनी होती तिचं व्हर्जन वाढवलं. माझ्या एडिटरमध्ये सेव्ह केलं की फॉरमॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारं टूल) आपोआप चालतो, त्याने जिथे जिथे हात लावला तिथे काय काय बदललं ते मी बघितलं नाही. पीआर टाकला तेव्हा ४१ फाईली आणि जवळजवळ १९०० ओळी दिसत होत्या. चार दिवसांनी मेंटेनरने (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने) दोन ओळी लिहून बंद केला, की धन्यवाद पण यात बऱ्याच गोष्टी एकत्र आहेत, कृपया कॉन्ट्रिब्युटिंग फाईल वाचा आणि वेगवेगळे पीआर पाठवा.

ती फाईल, म्हणजे बदल कसे पाठवायचे याचे प्रोजेक्टचे नियम, आता वाचली. आधी इश्यू (बगची किंवा सूचनेची नोंद) उघडा, एका पीआरमध्ये एकच बदल, कमिट मेसेज (नोंदवलेल्या प्रत्येक बदलाबरोबरची टीप) असा लिहा, टेस्ट हवीच, प्रत्येक कमिटला साइन-ऑफ हवा, चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) ओळ हवी. खरं सांगायचं तर हिरमोड झाला. एक बग काढायला एवढं सगळं? नवीन माणसाने येऊच नये अशी सोय आहे का ही? की मीच काहीतरी समजून घेत नाहीये? आणि तो साइन-ऑफ म्हणजे नक्की काय, कायद्याचं काही असेल तर सही करायला भीती वाटते.

निळीशाई

बग शोधून काढलास हे मोठं काम आहे, ते वाया गेलेलं नाही, आधी ते मनातून काढ. एक कर. तुझा बंद झालेला पीआर उघड, फाईल्स चेंज्डवर जा आणि हा कोड आपण पहिल्यांदाच बघतोय असं धरून वाच. तुझी फिक्सची ओळ कितव्या फाईलीत सापडते ते इथे येऊन सांग.

अर्धविराम

आत्ता बघितलं. २७व्या. आणि माहीत असूनही मला शोधावी लागली.

मर्जवाला

मी एका मध्यम आकाराच्या प्रोजेक्टचा सात वर्षं मेंटेनर आहे, नोकरी वेगळी, हे काम रात्री आणि सुट्टीला. त्या बाजूने काय दिसतं ते सांगतो, मग नियम कुठून आले ते आपोआप कळेल.

पीआर आला की मी पहिल्यांदा कोड वाचत नाही, किती फाईली आहेत ते बघतो. दहा ओळींचा असेल तर तिथल्या तिथे वाचून होतो, कधीकधी पाच मिनिटांत मर्ज, म्हणजे मूळ कोडमध्ये सामील. ४१ फाईलींचा असेल तर तो 'शनिवारी बघू' मध्ये जातो आणि शनिवारी आधीचेच चार पडलेले असतात. यात तुझ्याबद्दल काहीही राग नसतो, वेळच नसतो. लिहायला तुला दोन रात्री लागल्या हे मला मान्य आहे, पण वाचायचे तास माझे जातात, आणि ते फक्त आजचे नाहीत. मर्ज केलेली ओळ पुढची कित्येक वर्षं माझ्या गळ्यात असते. तू उद्या दुसऱ्या टूलवर गेलास, तुला नोकरी लागली, तुझा इंटरेस्ट संपला, सगळं अगदी रास्त आहे, पण त्या ओळीत बग निघाला तर इश्यू माझ्याकडे येणार. म्हणून 'कोड चालतो' एवढ्यावर मर्ज होत नाही, 'हा कोड मला उद्या एकट्याला सांभाळता येईल का' हा खरा प्रश्न असतो. कॉन्ट्रिब्युटिंग फाईलीतला जवळजवळ प्रत्येक नियम या एका प्रश्नातून आलेला असतो, आणि बहुतेक नियमांच्या मागे एखादी वाईट रात्र असते जी फाईलीत लिहिलेली नसते.

आता तुझ्या पीआरबद्दल. फॉरमॅटरने काय केलं असेल ते न बघताही सांगू शकतो. पेप ८ मध्ये (पायथॉन कोड कसा लिहावा याच्या मार्गदर्शिकेत) ओळीची मर्यादा ७९ अक्षरं आहे, बरेच जुने प्रोजेक्ट तीच पाळतात. ब्लॅक नावाचा फॉरमॅटर डीफॉल्टने ८८ धरतो आणि सिंगल कोट्सचे डबल कोट्स करतो. तुझ्याकडे ब्लॅक असेल आणि प्रोजेक्टमध्ये नसेल तर फाईल नुसती सेव्ह केली तरी शंभर ओळी बदलतात आणि अर्थ एकाही ओळीचा बदलत नाही. रिव्ह्यू करणाऱ्याला मात्र शंभरच्या शंभर वाचाव्या लागतात, कारण त्यातल्या एखाद्या ओळीत खरंच काहीतरी बदललेलं असू शकतं. २०२४ मध्ये एक्सझेड या फाईली कॉम्प्रेस करणाऱ्या टूलचं प्रकरण झालं, जो माणूस दोन-अडीच वर्षं नीट पॅचेस (कोडमधले बदल) पाठवून हळूहळू मेंटेनर झाला त्यानेच रिलीजच्या फाईलींमध्ये बॅकडोर (चोरवाट) घुसवला होता, टेस्टसाठी म्हणून ठेवलेल्या बायनरी फाईलींच्या आडून. त्यानंतर अनोळखी माणसाचा मोठा, पसरट बदल बघितला की आमच्यातले बरेचजण दोनदा विचार करतात. तू तसा नाहीस, पण मला ते डिफमधूनच (काय बदललं ते दाखवणाऱ्या तुलनेतूनच) दिसायला हवं ना.

दुसरं नुकसान गिट ब्लेमचं, गिट म्हणजे कोडचा इतिहास ठेवणारं टूल. एखादी विचित्र ओळ दिसली की मी ब्लेम लावतो, ती कुणी आणि कशासाठी लिहिली ते कमिट मेसेजमध्ये वाचतो. तुझा फॉरमॅटिंगचा बदल मर्ज केला असता तर ४१ फाईलींतल्या शेकडो ओळींवर तुझं नाव आणि 'बग फिक्स' एवढंच दिसलं असतं, खरं कारण त्याच्या खाली गाडलं गेलं असतं. (गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, फॉरमॅटिंगचे कमिट ब्लेममधून वगळायची सोय आहे, पण त्यासाठी तो कमिट फक्त फॉरमॅटिंगचा असावा लागतो. तिथेही शेवटी 'एका कमिटमध्ये एकच गोष्ट' हेच आलं.)

आणि व्हर्जन वाढवणं. हे तर अजिबात करू नकोस विचारल्याशिवाय. लायब्ररी जुनी ठेवण्यामागे बहुतेकदा कारण असतं, कुणीतरी जुन्या पायथॉनवर अडकलेलं असतं, किंवा नवीन व्हर्जनमध्ये कुठेतरी वागणं बदललेलं असतं. बाहेरून ते आळस वाटतं.

आधी इश्यू का, तर तुझी मेहनत वाचावी म्हणून. माझ्याकडे एका मुलीने आठशे ओळींचं फीचर पाठवलं होतं, सुंदर कोड, टेस्ट सगळं, आणि मला नाही म्हणावं लागलं कारण ते फीचर आम्ही वर्षभरापूर्वी चर्चा करून मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. तिने तीन ओळींचा इश्यू उघडला असता तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं. ती परत आली नाही. ते मला अजून लागतं. बग फिक्स लहान असेल तर इश्यू न उघडताही चालतं बऱ्याच ठिकाणी, पण फीचर असेल तर आधी विचार, कायम विचार.

पॅचवाली

मर्जवाला यांनी बरंच सांगितलंय, मी कमिट मेसेज आणि साइन-ऑफबद्दल लिहिते. माझे पॅचेस जास्त करून लिनक्स कर्नेलमध्ये (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) असतात, तिथे अजून ईमेलवर पॅच पाठवतात, त्यामुळे मेसेज हा पॅचचा अर्धा भाग असतो.

साइन-ऑफला घाबरू नका. २००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने लिनक्समध्ये आमचा कोड आहे म्हणून कोर्टात केस टाकली, तेव्हा प्रत्येक ओळ कुठून आली हे दाखवता येणं किती गरजेचं आहे ते सगळ्यांच्या लक्षात आलं. २००४ मध्ये कर्नेलने डीसीओ आणला, डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, अगदी लहान मजकूर आहे, पाच मिनिटांत वाचून होतो. कमिटच्या शेवटी साइन्ड-ऑफ-बाय आणि तुमचं नाव ईमेल असलं की अर्थ एवढाच, की हा कोड मी लिहिलाय किंवा तो या लायसन्सखाली द्यायचा मला अधिकार आहे, आणि ही नोंद सार्वजनिक आणि कायमची राहील हे मला मान्य आहे. कोडचा कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. गिट कमिटला डॅश एस लावलं की ओळ आपोआप येते. फक्त एकच गोष्ट मनापासून तपासा, तुम्ही नोकरी करत असाल तर करारात 'कामाच्या वेळेत किंवा कंपनीच्या लॅपटॉपवर लिहिलेला कोड कंपनीचा' असं काही आहे का. असेल तर आधी लेखी परवानगी घ्या, कारण नसलेला अधिकार तुम्ही सही करून देऊ शकत नाही. काही प्रोजेक्टमध्ये याऐवजी सीएलए (कॉन्ट्रिब्युटर लायसन्स ॲग्रीमेंट) असतो, अपाचे फाउंडेशनचा आहे, पायथॉनचा आहे, तो खरोखरचा करार असतो, तो मात्र सावकाश वाचूनच सही करायची.

आता मेसेज. तुमचा काय होता? 'बग फिक्स' असेल तर सहा महिन्यांनी तुम्हाला स्वतःलाही कळणार नाही कुठला बग. पहिली ओळ छोटी, साधारण ५० अक्षरांच्या आसपास बसली तर छान (कर्नेलमध्ये ७० ते ७५ पर्यंत चालते), आणि ती आज्ञेसारखी, 'वगळलं' नाही तर 'वगळ'. मग एक ओळ मोकळी, ही विसरू नका, नाहीतर बरीच टूल्स सगळा मजकूर शीर्षक समजतात. मग कारण. काय बदललं ते डिफमध्ये दिसतंच, का बदललं ते फक्त तुम्हाला माहीत आहे, म्हणून तेच लिहा. तुमच्या बगचा मी असा लिहिला असता (तिथे इंग्रजीत लिहा, इथे कळावं म्हणून मराठीत):

सीएसव्ही वाचताना सुरुवातीचा बीओएम वगळ

एक्सेलने यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेल्या फाईलीच्या सुरुवातीला बीओएम असतो. आपण फाईल यूटीएफ-८ म्हणून उघडतो त्यामुळे तो पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटतो आणि नावाने कॉलम शोधला की सापडत नाही. वाचताना यूटीएफ-८-सिग वापर, ते बीओएम असला तर वगळतं आणि नसला तर काही फरक पडत नाही.

एवढंच. हे वाचून रिव्ह्यू करणाऱ्याला बग पुन्हा घडवता येतो, फिक्स का चालतो ते कळतं, आणि दोन वर्षांनी कुणी ही ओळ 'साधी' करायला गेलं तर ब्लेममध्ये हे वाचून थांबेल.

उत्तर यायला वेळ लागतो तेव्हा धीर धरा. कर्नेलच्या गाइडमध्ये लिहिलंय की पॅच परत पाठवायच्या किंवा आठवण करायच्या आधी कमीत कमी एक आठवडा थांबा. मग एकच नम्र ओळ. आणि रिव्ह्यू आला की प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्या, पटला नाही तर का नाही पटला ते लिहा, पण एखादा मुद्दा नुसता गिळून नवीन व्हर्जन पाठवू नका. त्या माणसाला वाटतं आपण लिहिलेलं वाचलंच नाही, आणि तिसऱ्या वेळी तो उघडतही नाही.

रात्रपाळी

सगळं बरोबर आहे पण एक बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून लिहितो. नियम दोन्हीकडून असायला हवेत. मी गेल्या वर्षी एका प्रोजेक्टमध्ये फाईलीत लिहिलेलं अक्षरन्अक्षर पाळलं, इश्यू उघडला, 'हो करा' असं उत्तर आलं, वीस ओळींचा पीआर टेस्टसकट टाकला, महिन्याने एक नम्र आठवण केली, आणि आठ महिन्यांनी बॉटने 'हालचाल नाही' म्हणून बंद केला. एकाही माणसाने एक अक्षर लिहिलं नाही. नाही म्हणा, चालेल, पण म्हणा तरी. आणि काही कॉन्ट्रिब्युटिंग फाईली इतक्या जुन्या असतात की त्यातली बिल्डची कमांडच चालत नाही, नवीन माणूस अर्धा दिवस स्वतःलाच दोष देत बसतो. नियम पाळायला लावायचे असतील तर ते आधी स्वतः चालवून बघायला नकोत का?

मर्जवाला

रात्रपाळी, हे मान्य. पूर्ण मान्य. आमच्याकडे सेटअपची पानं दर रिलीजला कोऱ्या मशीनवर चालवून बघायचं ठरवलं तेव्हा पहिल्याच वेळी तीन पायऱ्या मोडलेल्या निघाल्या, आणि त्या वर्षभर तशाच होत्या. फॉरमॅटिंगसारखा नियम तर माणसाने सांगूच नये, कॉन्फिग फाईल रेपोत (प्रोजेक्टच्या कोडसाठ्यात) ठेवावी आणि सीआयने (आपोआप तपासणी करणाऱ्या यंत्रणेने) सांगावं, म्हणजे कुणाला अपमान वाटत नाही. अर्धविरामच्या बाबतीतही प्रोजेक्टने ती ठेवली असती तर त्याच्या एडिटरने बहुतेक तीच उचलली असती. आणि फाईलीतली बिल्डची पायरी चालत नाही हे लक्षात आलं तर तीच दुरुस्त करून पाठवा. नवीन माणसाइतकं ते कुणालाच दिसत नाही, आमच्या मशीनवर सगळं आधीच बसवलेलं असतं. असा पीआर मी त्याच दिवशी मर्ज करतो.

उत्तर न देणं मात्र चूकच. तुमच्या वीस ओळींचं वाईट वाटलं.

कोडचाबाळू

मधेच विचारतो, एआय टूलने लिहिलेला कोड पाठवला तर चालतो का? सगळेच वापरतात आता.

पॅचवाली

प्रोजेक्टप्रमाणे बदलतं, म्हणून कॉन्ट्रिब्युटिंग फाईलीत आधी ते शोधा. जेंटू या लिनक्स डिस्ट्रिब्युशनने एप्रिल २०२४ मध्ये पूर्ण बंदी घातली, काही ठिकाणी चालतं पण वापरलंय हे सांगावं लागतं. माझं स्वतःचं मत, जी ओळ रिव्ह्यूमध्ये तुम्हाला स्वतःच्या शब्दांत समजावता येणार नाही ती पाठवू नका. साइन-ऑफ तुमचा असतो, टूलचा नसतो. आणि रिव्ह्यूच्या प्रश्नाचं उत्तर टूलकडून लिहून चिकटवू नका प्लीज, ते पहिल्या वाक्यात कळतं आणि समोरच्याचा सगळा उत्साह जातो. २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्टला (पीआर पाठवायच्या ऑक्टोबरमधल्या उपक्रमाला) टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीमध्ये एखादा शब्द घालून पीआरचा पाऊस पाडला होता, एवढा की शेवटी फक्त ज्यांना यायचंय तेच प्रोजेक्ट घ्यायचे असा नियम करावा लागला. त्या ऑक्टोबरमध्ये मेंटेनर लोक किती दमले होते ते मी बघितलंय.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचून खूप काही उलगडलं. आता पुन्हा करायचं ठरवलंय. पण माझ्या ब्रँचमध्ये (कोडच्या स्वतंत्र फांदीत) सगळं एकाच कमिटमध्ये गुंतलंय, त्यातून फिक्स तेवढा बाहेर कसा काढू?

निळीशाई

तो गुंता सोडवत बसू नकोस, फिक्स एकाच ओळीचा आहे. मूळ रेपोची मेन ब्रँच ताजी ओढून घे, तिच्यावरून नवीन ब्रँच काढ, एडिटरचा सेव्हवर फॉरमॅट बंद कर आणि ती ओळ हाताने लिही. पुढे कधी खरंच गुंतलं तर गिट ॲड डॅश पी वापर, ते बदल तुकड्या तुकड्याने दाखवतं आणि हा घेऊ का विचारतं. माझी तर सवयच झालीय, त्यामुळे प्रत्येक तुकडा कमिटच्या आधी एकदा डोळ्याखालून जातो. पुश करायच्या आधी मेनशी डिफ बघ, त्यात तू मुद्दाम न केलेली एकही ओळ दिसता कामा नये.

आणि टेस्ट आधी लिही. तीन बाइट बीओएमचे, मग हेडर, मग एक ओळ डेटा. फिक्सशिवाय चालव, ती फेल झालेली स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मग फिक्स घाल. कधीही फेल न झालेल्या टेस्टवर विश्वास ठेवायचा नाही.

अर्धविराम

अपडेट देतो, बारा दिवस झाले.

आधी इश्यू उघडला, छोटी फाईल जोडून, अपेक्षित काय आणि होतं काय. दुसऱ्याच दिवशी मेंटेनरने 'मला पण तसंच दिसलं, पाठव' लिहिलं. तोच माणूस ज्याने पीआर बंद केला होता. मग निळीशाईने सांगितलं तसं टेस्ट आधी, ती लाल झाली, फिक्स घातला, हिरवी झाली. मेसेज पॅचवाली ताईंनी लिहिलेल्या धर्तीवर, साइन-ऑफसकट. एकूण तीन फाईली, १९ ओळी, त्यातली फिक्सची एकच.

आणि आता जे झालं ते सांगायलाच आलोय. त्याने त्या एका ओळीवर कमेंट केली, 'हा कॉन्स्टंट लिहितानाही वापरला जातो ना?'

मी गार पडलो. एन्कोडिंगचं नाव कोडमध्ये वर एका ठिकाणी ठेवलंय, मी तिथेच यूटीएफ-८ चं यूटीएफ-८-सिग केलं होतं. वाचताना ते बीओएम वगळतं, पण लिहिताना तेच बीओएम घालतं! म्हणजे माझ्या फिक्सनंतर या टूलमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक फाईलीला तेच न दिसणारं अक्षर चिकटलं असतं, आणि त्या फाईली पुढे बीओएम न वगळणाऱ्या ज्या ज्या प्रोग्रॅममध्ये जाणार तिथे पहिला कॉलम गायब झाला असता. ज्या बगने माझ्या दोन रात्री घेतल्या तो मी हजार लोकांना वाटला असता. टेस्ट हिरवीच होती कारण मी फक्त वाचणं तपासलं होतं.

पहिल्या पीआरमध्येही हीच ओळ होती. २७व्या फाईलीत. तिथे ती कुणालाच दिसली नसती.

वाचायचा आणि लिहायचा कॉन्स्टंट आता वेगळा केलाय, आणि बाहेर पडलेल्या फाईलीचे पहिले तीन बाइट बीओएम नाहीत हे बघणारी दुसरी टेस्ट घातली. एकच शंका, हा बदल वरती दुसरा कमिट म्हणून ठेवू की आधीच्यात मिसळू? कॉन्ट्रिब्युटिंग फाईलीत याबद्दल काही सापडलं नाही.

मर्जवाला

पकडणारा चांगला मेंटेनर आहे तुझा, आणि तू प्रामाणिकपणे लिहिलंस त्याचंही कौतुक.

मिसळ. पहिला कमिट एकटा इतिहासात राहिला तर त्या टप्प्यावर टूल मोडलेलं आहे. उद्या कुणी गिट बायसेक्ट (दर वेळी अर्धे कमिट वगळत बग कुठे आला ते शोधायची सोय) लावून दुसराच बग शोधत असेल, हजार कमिटमधून साधारण दहा पायऱ्यांत उत्तर मिळतं, पण त्यातली एक पायरी नेमकी तुझ्या मोडक्या कमिटवर पडली तर तो चुकीच्या दिशेने जाईल. प्रत्येक कमिटवर सगळ्या टेस्ट हिरव्या, एवढं धर. आणि मेसेजमध्ये लिहायचं एन्कोडिंग मुद्दाम वेगळं का ठेवलंय त्याची एक ओळ वाढव, नाहीतर पुढचा हौशी माणूस 'दोन कॉन्स्टंट कशाला' म्हणून एकत्र करेल. फक्त काही मेंटेनर रिव्ह्यू चालू असताना फोर्स पुश (आधी पाठवलेल्या कमिटच्या जागी बदललेले चढवणं) नको म्हणतात, कारण मागच्या वेळेपासून काय बदललं ते दिसेनासं होतं, म्हणून आधी त्याला विचार.

अर्धविराम

विचारलं, कर म्हणाला. रिबेसमध्ये (कमिट पुन्हा रचताना) मिसळला, ती ओळ मेसेजमध्ये घातली, फोर्स विथ लीजने (मधे दुसऱ्याचा बदल आला असेल तर थांबणाऱ्या फोर्स पुशने) पुश केलाय. सीआय चालू आहे. आणि त्याला विचारून फॉरमॅटरच्या कॉन्फिगसाठी वेगळा इश्यू उघडलाय.